टेबलावर उमटलेलं वाक्य

१

चेतन बोरकुटेच्या मोबाइलवर ते वाक्य आलं तेव्हा तो ऑफिसात मीटिंगमध्ये बसला होता.

‘राधा मला मारते. तिला काढून टाका.’

वाक्य त्याच्या वडिलांकडून आलं होतं. ज्ञानदेव बोरकुट्यांची वाचा गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यात गेली होती. उजवी बाजूही गेली. डोकं शाबूत होतं, डावा हात चालत होता. राधा ही त्यांना सांभाळणारी बाई, एजन्सीकडून आलेली.

चेतन मीटिंग सोडून घरी गेला. वडिलांच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. राधाला त्याच संध्याकाळी तिच्या पिशवीसकट बाहेर काढलं, एजन्सीला फोन झाला, वकिलाला फोन झाला. आणि काही दिवसांनी तो माझा नारायण पेठेतला जिना चढून वर आला.

मी शैला मेश्राम. पोलिसात हवालदार होते, गुडघ्यांनी जीव नकोसा केला तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेतली. खाली वह्या-पुस्तकांचं दुकान, वर माझं ऑफिस. काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांचं. मुलगा खरंच त्या कंपनीत आहे का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का. लोकांना खरं कळून घ्यायचं नसतं, मनात ठरवलेलंच खरं आहे असं कुणीतरी म्हणायला हवं असतं. या कामाचा मला कंटाळा आला होता, पण दुसरं काही येत नाही.

‘‘पुरावा पक्का करून हवाय, मॅडम,’’ चेतन म्हणाला. ‘‘नुसत्या एका वाक्यावर पोलीस काही करणार नाहीत, असं वकील म्हणतात. राधा आधी कुठे होती, तिथे तिने काय काय केलं, ते काढा.’’

‘‘म्हणजे तिनं मारलं हे ठरलंय. मी फक्त शिक्का मारायचा.’’

त्याला ते आवडलं नाही. ‘‘बाबांनी स्वतः लिहिलंय.’’

‘‘बोलता येत नाही, पेन धरता येत नाही. लिहिलं कशानं?’’

मग त्यानं मोबाइलवर मला एक फोटो दाखवला. पलंगाशेजारी अभ्यासाच्या दिव्यासारखं काहीतरी उभं होतं, मान वाकवलेलं. त्याच्या डोक्यात एक छोटा प्रोजेक्टर आणि एक कॅमेरा. दिवा टेबलावर ठेवला की टेबलावर उजेडाची अक्षरं पडतात. माणसानं अक्षराला बोट लावलं की कॅमेऱ्याला ते कळतं. वाक्य पुरं करून शेवटच्या हिरव्या चौकोनाला हात लावला की ते घरच्यांच्या मोबाइलवर जातं. त्यांच्याच कर्वेनगरातल्या एका छोट्या कंपनीनं बनवलेलं होतं, अजून बाजारात आलेलं नव्हतं. वापरून बघायला म्हणून बोरकुट्यांना दिलं होतं. घरात सगळे त्याला ‘दिवा’च म्हणत.

‘‘वडिलांना नीट विचारलंत? मारलं का, कधी मारलं, कशानं?’’

‘‘विचारलं ना. काही लिहीतच नाहीत. दिवा समोर ठेवला की डोळे मिटून घेतात. त्या दिवसापासून एक अक्षर नाही.’’

मी त्याच्याकडे बघत राहिले. मार खाणाऱ्या माणसानं तक्रार केली, तक्रार ऐकली गेली, मारणारी बाई घराबाहेर गेली. आणि सुटका झाल्यावर माणूस गप्प झाला?

‘‘राधाचा पत्ता द्या,’’ मी म्हटलं. ‘‘आधी तिलाच बघते.’’

२

कसबा पेठेत, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या आवाजात, एका बोळातून दुसऱ्या बोळात शिरत मी राधाच्या मावसबहिणीची खोली शोधली. राधा तिशीची असेल, अंगानं काटक. मला बघून उठली नाही. तिला वाटलं, पोलीसच.

‘‘घ्या, बसा,’’ ती म्हणाली. ‘‘एजन्सीनं काम बंद केलं. आता कोणी ठेवत नाही. अजून काय पाह्यजे तुमाले?’’

‘पाह्यजे’ ऐकलं आणि मी माझ्या नकळत विचारलं, ‘‘कोनत्या गावची वं तू?’’

तिनं वर पाहिलं. ‘‘यवतमाळकडची. तुमी?’’

‘‘भंडारा.’’

एवढ्यावर तिचे खांदे जरा खाली आले. पुण्यात इतकी वर्षं काढून माझी बोली कुठेतरी तळाशी बसली आहे, पण ढवळलं की वर येते.

‘‘दंडावरचा डाग कशाचा?’’

‘‘पलंगावरून घसरत होते आजोबा. मी पकडलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू हायेत त्यायले, जरा दाबलं की निळं होते. डाक्टरनंच सांगितलं होतं. चेतनदादाले विचारा, त्याच्यासमोर सांगितलं.’’

‘‘मग त्यांनी असं का लिहिलं?’’

तिनं मान खाली घातली. दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. हात मोकळे, बांगडी नाही, मनगटावर बांगड्यांच्या जागेची फिकट खूण तेवढी होती. कामावर बांगड्या चालत नाहीत, एजन्सीचा नियम. आता काम नव्हतं तरी तिनं घातल्या नव्हत्या.

‘‘ते माह्याशी लई बोलत, ताई. पहिले कोणाशीच नाही. दिवा आणला तरी नुसतं पाहत राहत. एक दिवस मी बहिणीले फोनवर बोलत होती, मले-तुले. तर हसले. मंग बोट उचललं न् लिहिलं, ‘कोनतं गाव’. तेव्हापासून रोज. त्यायच्या गावची विहीर, त्यायची आजी, आंबील कशी करत.’’ तिनं नाक पुसलं. ‘‘चेतनदादा वरडला तेव्हा आजोबा समोरच होते. मी म्हटलं, सांगा न आजोबा, मी मारलं का? त्यायनं डोळे मिटून घेतले. बाकीचं काही नाही, तेवढंच लागलं मले.’’

‘‘ते वाक्य लिहिलं तेव्हा तू कुठे होतीस?’’

‘‘मी घरात नव्हतीच. मेडिकलमधे गेली होती, गर्दी होती तिथं. वापस आली तर चेतनदादा दारात उभा.’’

‘‘घरात कोण होतं?’’

‘‘आजी. पूर्वावहिनी, तिच्या खोलीत, कंपूटरवर. आन् तो दिव्याच्या कंपनीचा साई आला होता, दिवा तपासाले.’’

म्हणजे तिघं. आणि ज्याच्या नावावर ते वाक्य होतं, तो चौथा.

३

बोरकुट्यांचा फ्लॅट कर्वेनगरात, एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. वर पोचेपर्यंत माझे गुडघे मला शिव्या देत होते.

दार चेतनच्या बायकोनं, पूर्वानं उघडलं. कानात हेडफोन, हातावर ते पावलं मोजणारं घड्याळ. ‘‘मॅम, माझा कॉल चालू आहे, पण पाच मिनिटं म्यूटवर टाकते,’’ म्हणाली. डोळ्यांखाली काळं. सरळ मुद्द्यावर आली.

‘‘तुम्ही शोधालच, म्हणून मीच सांगते. मी केअर सेंटर्सची माहिती काढली होती. बाबांना तिथे ठेवावं असं मला वाटतं. आईंना झेपत नाही, मला झेपत नाही, चेतनला हे दिसत नाही. पण राधा जावी असं मला का वाटेल? ती होती म्हणून मी नोकरी करू शकत होते. आता सकाळचं सगळं मी करते आणि मग लॉग-इन करते. सीरियसली, मला कुणी झोपू दिलं तर मी काहीही लिहून देईन.’’

‘‘राधा गेली की केअर सेंटरचं लवकर ठरेल,’’ मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघून हसली. थकलेलं हसू. ‘‘तेही खरंय. माझ्या डोक्यात ते राधा गेल्यावर आलं. आधी यायला हवं होतं का?’’

हॉलमध्ये ज्ञानदेवांचा पलंग. गोरटेले, हाडं रुंद, मिशी कुणीतरी वाकडी कापलेली. पलंगावर आडवं सरकणारं पांढरं टेबल, दवाखान्यात असतं तसं, आणि त्याच्या कडेला तो दिवा. शेजारी स्टुलावर त्यांची बायको विमलाबाई, चमच्यानं खिमट भरवत होती. हातात हिरव्या बांगड्या, मागेपुढे सोन्याच्या पाटल्या. प्रत्येक घासाला किणकिण व्हायची. नवरा दोन घासांनंतर तोंड फिरवायचा आणि ती त्याच धीरानं चमचा तिकडे न्यायची.

‘‘तुम्ही त्या चौकशीवाल्या बाई ना,’’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली. भाषा स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. तीस-एक वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं तिनं, हे मला न सांगता कळलं असतं. ‘‘चहा घेणार असाल तर करते. नसाल तर बरंच.’’

‘‘नको, काकू. राधा कशी होती?’’

‘‘चुणचुणीत. घरातलं समजून वागवलं आम्ही तिला.’’

‘‘मारताना कधी पाहिलंत?’’

‘‘पाहिलं असतं तर तेव्हाच हाकललं नसतं का?’’ बांगड्या वाजल्या. ‘‘ह्यांनीच लिहिलंय म्हटल्यावर मी काय वेगळं सांगू?’’

ती भांडं घेऊन आत गेली. मी तिच्या स्टुलावर बसले, दिवा चालू केला. पांढऱ्या टेबलावर अक्षरं उमटली, क, ख, ग, कडेला काना, मात्रा, वेलांट्या. ज्ञानदेवांनी लगेच डोळे मिटले.

‘‘दादाजी,’’ मी हळू म्हटलं, ‘‘मी भंडाऱ्याची आव. राधाले भेटून आली. तिनं तुमाले मारलं का जी?’’

डोळे उघडले. बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते. मग डावा हात उचलला गेला, सावकाश टेबलावर आला. एकेक अक्षर शोधायला त्यांना वेळ लागत होता आणि मी घाई केली नाही. स्वयंपाकघरात नळ चालू होता. नळ बंद झाला तशी त्यांनी घाईघाईनं शेवटचं अक्षर दाबलं.

‘जाऊ दे न बाई’

हिरव्या चौकोनाला त्यांनी हात लावला नाही. उलट तळहातानं सगळं पुसून टाकलं आणि पुन्हा डोळे मिटले.

‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. मार खाल्लेला माणूस असं म्हणत नाही. ज्याला कुणालातरी वाचवायचं असतं, तो म्हणतो.

४

कुणाला, हा प्रश्न घेऊन मी साईला बोरकुट्यांच्या घरी बोलावलं. चोविसेक वर्षांचा इंजिनीअर, पाठीवर सॅक, दाढी नीट न उगवलेली. तो आला तोच घाबरलेला.

‘‘मॅडम, डिव्हाइसमध्ये काही प्रॉब्लेम नाहीये. मी त्या दिवशी डायनिंग टेबलवर ठेवून चेक केलं, परत अंकलच्या टेबलवर लावलं आणि निघालो. मॅसेज त्यानंतर आलाय.’’

‘‘तुमच्या कंपनीला त्या वाक्याचा फायदा झाला का?’’

त्याचा चेहरा लालसर झाला. ‘‘आमच्या मॅमनी… म्हणजे एका प्रेझेंटेशनमध्ये टाकलंय. नाव न घेता. की मुक्या पेशंटनं आमच्या डिव्हाइसमुळे अत्याचार उघड केला. मी म्हटलं होतं, थोडं थांबू या.’’

‘‘थांबायला हवं होतं. यांनी आजवर काय काय लिहिलंय ते दाखव.’’

त्यानं दिवा चालू केला. ज्ञानदेव झोपले होते, निदान तसं दिसत होतं, म्हणून आम्ही पलंगावरचं टेबल ओढून खिडकीशी नेलं होतं. जुनी वाक्यं एकाखाली एक उमटू लागली.

‘पानी दे’

‘मले खिडकी पायजे’

‘आज लई गरम होऊन रायलं’

‘आंबील कर न एखांद्या दिवशी’

‘तुह्या गावची नदी आटते का’

मी वाचत गेले. हे माझे वडील बोलायचे तसं होतं. कुठेच पूर्णविराम नाही, कुठेच शुद्धलेखन नाही. आणि मग सगळ्यांत खाली:

‘राधा मला मारते. तिला काढून टाका.’

‘‘मला,’’ मी म्हटलं.

‘‘काय मॅडम?’’

‘‘हा माणूस प्रत्येक वेळी ‘मले’ लिहितो. ह्या एकाच वाक्यात ‘मला’ आहे. आणि टिंबं. दोन वाक्यं, दोन पूर्णविराम. हे ज्ञानदेवांनी लिहिलेलं नाही.’’

साईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ‘‘पण कॅमेरा तर फक्त बोट बघतो. कुणाचं आहे ते त्याला कळत नाही. फोटोही ठेवत नाही तो, लोकांच्या घरात जातो ना, म्हणून मुद्दाम ठेवला नाही.’’

‘‘मग ठेवतो काय?’’

‘‘टच कुठे झाला ते. आणि सरफेस.’’

‘‘मराठीत सांग.’’

त्यानं खांदे उडवले, मग जरा विचार केला. ‘‘टेबल प्रत्येक घरात वेगळं असतं ना मॅडम. कुठे डाग, कुठे ओरखडा. डागावर अक्षर पडलं की दिसत नाही. म्हणून दिवा नव्या जागी ठेवला की आधी टेबल बघून घेतो. जिथे काळा डाग असेल तिथे उजेड वाढवतो, जिथे पांढरं असेल तिथे कमी करतो. मग वरची अक्षरं सारखी दिसतात. वाक्य परत उघडलं की त्या वेळचा हिशोबही त्याच्यासोबत येतो.’’

‘‘मग हे वाक्य उघड. एकटं.’’

त्यानं उघडलं. अक्षरं पांढऱ्या टेबलावर पडली. आणि अक्षरांच्या मागे, उजवीकडे, बाकीच्यापेक्षा उजळ असा एक आकार उमटला. एका बाजूला टोकदार, दुसरीकडे सपाट. तळहाताहून मोठा. होडीसारखा.

‘‘हा बग असेल,’’ साई पुटपुटला.

‘‘यांच्या टेबलावर डाग आहे का असा?’’

‘‘नाही. हे कोरं आहे. डायनिंगवर काच आहे, तिथेही नाही.’’ तो आता खाली वाकून बघत होता. ‘‘म्हणजे वाक्य लिहिलं तेव्हा दिवा तिसऱ्याच टेबलवर होता. आणि त्या टेबलवर या शेपचा काळा डाग आहे.’’

मी त्या होडीकडे पाहत राहिले. आमच्या पोलीस लाइनीतल्या खोलीत असा डाग पलंगाच्या फळीवर होता. बंदोबस्ताला जायच्या घाईत मीच पाडलेला.

‘‘होडी नाही रे,’’ मी म्हटलं. ‘‘इस्त्री आहे.’’

५

बोरकुट्यांच्या घरात इस्त्री कोण करतं, हे विचारायला मी पूर्वाच्या दाराशी गेले. तिनं कॉल पुन्हा म्यूटवर टाकला.

‘‘आता कुणीच नाही. कपडे खाली देतो. पूर्वी बाबा करायचे. स्वतःचे शर्ट स्वतः, रोज सकाळी. ते टेबल आईंच्या खोलीत असेल.’’

विमलाबाईंची खोली मागच्या बाजूला. नवऱ्याचा पलंग हॉलमध्ये आल्यापासून ती तिथे एकटी झोपायची. चेतनचं ऑफिसचं टेबल त्याच्या खोलीत, पूर्वाचंही. ती मी उघड्या दारातून बघितली होती, दोन्ही कोरी. मागच्या खोलीत खिडकीखाली एक जुनं लाकडी टेबल होतं. त्यावर चादरींची थप्पी नीट रचलेली.

मी चादरी उचलून पलंगावर ठेवल्या. खाली लाकडावर, उजव्या कोपऱ्याशी, इस्त्रीचा जळका ठसा.

साई माझ्या मागे उभा होता. ‘‘पण मॅडम, या खोलीत कुणीही येऊ शकतं. पूर्वा मॅडम, मी… मीही आलो असू शकतो, असं तुम्ही म्हणाल.’’

‘‘म्हणेन. म्हणूनच विचारते. टच कुठे झाला तेही ठेवतो म्हणालास. दाखव.’’

त्यानं दिवा त्या लाकडी टेबलावर ठेवला. अक्षरं पडली, आणि दर अक्षरावर एक लाल ठिपका आला, जिथे बोट टेकलं होतं. पण तेवढेच ठिपके नव्हते. प्रत्येक बोटाच्या खाली, वीतभर अंतरावर, आणखी दोन-तीन ठिपक्यांचा पुंजका होता. बोट वर जाई तसा पुंजका वर, बोट खाली तसा तो खाली.

‘‘नॉइज आहे,’’ साई म्हणाला, आणि मग बोलता बोलता थांबला. ‘‘थांबा. हे मी बघितलंय. टेस्टिंगला आम्ही आज्यांचा एक ग्रुप बोलावला होता, तेव्हा सगळ्यांच्याच हाताला असं यायचं. अक्षर दाबलं की मनगटही खाली येतं, आणि मनगटाबरोबर…’’

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. दारात किणकिण झाली.

विमलाबाई उभी होती. तिनं पलंगावर ठेवलेल्या चादरींकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

‘‘साई, तू बाहेर बस,’’ मी म्हटलं.

६

सगळ्यांना हॉलमध्ये जमवून एकेकाकडे बोट दाखवायची मला हौस नाही. पोलिसातही नव्हती. मी दार लोटलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली. मी पलंगाच्या कडेवर.

‘‘काकू, वाक्य या टेबलावर लिहिलंय. तुमच्या यजमानांना पलंगावरून उठता येत नाही, म्हणजे त्यांनी नाही. ज्यानं लिहिलं त्याला ‘मला’ लिहायची आणि पूर्णविराम द्यायची सवय आहे. ते साईही करू शकतो, पूर्वाही. पण बोटाबरोबर मनगटावरून काहीतरी टेबलाला टेकत होतं. साईचा हात मोकळा. पूर्वाचं घड्याळ आवळून बसवलेलं, ते लोंबत नाही. राधा घरात नव्हती, आणि तिच्या हातात बांगडी नसते.’’

ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. बांगड्या गोल फिरवल्या, पुन्हा सोडल्या.

‘‘शुद्ध लिहिलं म्हणून पकडले गेले,’’ ती म्हणाली. ‘‘छान. निवृत्तीनंतर एवढंच बाकी होतं.’’

मी चादरींची थप्पी बाजूला सारून नीट बसले.

‘‘लग्न झालं तेव्हा हे ‘मले, तुले’च बोलायचे. ऑफिसात लोक हसायचे. घरी येऊन गप्प बसायचे. मग मला म्हणाले, तू बाई आहेस ना शाळेत, मला शिकव. मी शिकवलं. रोज जेवताना. बोलायला लागले ते असे, की पुढे लोक विचारायचे, तुम्ही मूळचे सदाशिव पेठेतले का? मला काय अभिमान होता!’’ तिनं पाटल्या मागे सारल्या. ‘‘आणि वाचा गेली तेव्हा मी म्हटलं, असू दे. मी बोलेन, ते ऐकतील. पहिले कित्येक महिने हागणं-मुतणं मी काढलंय, राधा नंतर आली. मग हा दिवा आला. मला वाटलं, आता माझ्याशी बोलतील.’’

‘‘नाही बोलले?’’

‘‘बोलले ना. ‘पानी’. ‘गोळी’. आणि तिच्याशी विहीर. विहिरीत उडी मारायचे म्हणे, आजीचा मार खायचे. संसार झाला सगळा, मला कधी ती विहीर सांगितली नाही. मी आत उभी राहून मोबाइलवर वाचायचे, ती दोघं काय बोलतात ते. माझ्या घरात, माझा नवरा. मला कळेना, मी इतकी वर्षं ज्यांच्याशी बोलले ते कोण होते?’’

रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. तिनं उठून खिडकी लोटली.

‘‘नुसतं ‘तिला काढा’ लिहिलं असतं तर चेतन ‘का’ म्हणून विचारत बसला असता. मारते म्हटलं की लगेच काढतात. पोलिसांपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं. आणि वकिलापर्यंत गेलं तेव्हा… थकले होते हो मी. खोटं मागे घ्यायलाही अंगात त्राण लागतं.’’

‘‘त्यांना माहीत आहे,’’ मी म्हटलं.

‘‘त्यांच्यासमोरच उचलला दिवा. जागे होते. परत आणून ठेवला तेव्हाही बघत होते.’’ तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. ‘‘नाही म्हणून लिहितील, रोज वाट बघत होते. लिहिलं असतं तर सुटले असते मी. ते लिहीतच नाहीत.’’

चेतनला तिनं स्वतः सांगितलं. मी हॉलच्या दाराशी उभी होते. तो आधी ‘‘काहीतरीच काय, आई,’’ म्हणाला, मग साईकडे वळला, मग माझ्याकडे, जणू आमच्यापैकी कुणीतरी हे रद्द करू शकेल. शेवटी मोबाइल काढून वकिलाचा नंबर शोधू लागला आणि नंबर सापडूनही तसाच उभा राहिला. पूर्वा तिच्या खोलीतून बाहेर आली होती. तिनं सासूला खुर्ची दिली आणि पाणी आणून दिलं. ज्ञानदेवांचे डोळे उघडे होते आणि ते फक्त बायकोकडे बघत होते.

साईनं सॅक पाठीला लावली. ‘‘ते प्रेझेंटेशन मी काढायला लावतो, मॅडम,’’ म्हणाला. लावलं की नाही कुणास ठाऊक.

७

एजन्सीला फोन करून भागलं असतं. चेतन तसंच म्हणाला, मी मेल टाकतो. विमलाबाई म्हणाली, ‘‘मेलवर खोटं लिहिता येतं. मी जाऊन येते.’’ आणि माझ्याकडे पाहिलं. माझं काम तिथे संपलं होतं. तरी गेले.

एजन्सीचं ऑफिस कसबा पेठेतच, एका अरुंद जिन्याच्या टोकाला. आम्ही दोघी कठडा धरून, पायरीपायरीला थांबत वर गेलो. आत बाकावर कामाची वाट बघत सहा-सात बायका बसल्या होत्या. त्यांत राधाही होती, भिंतीकडे. रोज येऊन बसत होती, कुणी बोलावत नव्हतं. टेबलामागच्या बाईनं विमलाबाईला आत केबिनमध्ये चला म्हटलं.

‘‘इथेच सांगते,’’ विमलाबाई म्हणाली. तिनं पदर सावरला, वर्गात उभं राहावं तशी उभी राहिली. ‘‘राधानं आमच्या ह्यांच्यावर कधी हात उचलला नाही. ते वाक्य मी लिहिलं. खोटं लिहिलं. हिचं काम आजपासून सुरू करा, आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.’’

बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. टेबलामागची बाई उगाच कागद सारखे करत राहिली. राधा उठली नाही. बराच वेळ तिनं विमलाबाईकडे पाहिलं.

‘‘आजोबा जेवतात का?’’ तिनं विचारलं.

‘‘दोन घास.’’

राधानं मान हलवली.

‘‘तू येशील?’’ विमलाबाईनं विचारलं. इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

‘‘नाही, आजी.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. ‘‘मी आली तर रोज तुमच्याकडं पाहीन न् मले हेच आठवन. तुमालेही.’’

विमलाबाई ‘‘बरं’’ म्हणाली. आम्ही खाली उतरलो. उतरणं चढण्याहून वाईट असतं. शेवटच्या पायरीवर तिनं माझा दंड धरला आणि तिथेच बसली. मीही बसले. समोरच्या दुकानातला तांबट एका पातेल्याला ठोके देत होता आणि आमच्याकडे लक्ष देत नव्हता.

‘‘घरी गेले की ते बघतील माझ्याकडे,’’ ती म्हणाली. ‘‘मी काय सांगू त्यांना?’’

‘‘राधा येणार नाही, हे सांगा. का येणार नाही, तेही तुमच्याच तोंडानं सांगा.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग त्यांना विचारा, विहीर किती खोल होती.’’

ठोके चालू होते. बऱ्याच वेळानं तिनं भिंतीला हात टेकला, माझा हात न घेता उठली, आणि बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला म्हणाली, ‘‘कर्वेनगर. आणि सावकाश चला, मला घाई नाही.’’